बारदान वजा, उजेड निव्वळ

"मामा, उठा ना! दोन पूर्णांक नऊ आलं!"

रात्रीचे दोन वाजले होते. ताडपत्रीवर पसरलेल्या शिजवलेल्या हळदीचा वास नाकात, डोक्यात, कपड्यांत भिनला होता, लॅपटॉपची बॅटरी लाल झाली होती आणि मी बाजेवर झोपलेल्या मामाला गदागदा हलवत होते. मामाला वाटलं, कुणी पोतं उचलून नेलं. काठी हातात घेऊनच उठला बिचारा. "कोण आलं गं या टायमाला?"

दोन पूर्णांक नऊ म्हणजे एका उपग्रहाचं तेज. आदल्या संध्याकाळी सव्वाआठला तो आमच्या शेतावरून गेला होता आणि ते तेज मी लग्नाचे फोटो काढायच्या माझ्या कॅमेऱ्यानं मोजलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकातून उतरवून घेतलं नव्हतं, मी मोजलं होतं! तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. गिऱ्हाईक अल्बमची कव्हरं निवडत असतं आणि मी मनात विचार करत असते की आज संध्याकाळी आभाळ स्वच्छ राहील का.

आधीपासून सांगते. वसमतला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो. मार्चअखेरीला मामाच्या शेतात हळद शिजवणं चालू असतं. शिजली की ती उघड्यावर वाळत घालायची आणि रात्री कुणीतरी राखणीला थांबायचं. मला एक फोटो हवा होता, स्टुडिओच्या भिंतीवर लावायला: खाली हळदीचे पिवळे पट्टे, वर चांदण्या. अमावस्या जवळ होती. कॅमेरा उभा करून ट्रायपॉडवर लावला, चोवीस-सत्तरची लेन्स चोवीसवर ठेवली, दोन पूर्णांक आठचं ॲपर्चर, सोळाशे आयएसओ, पंधरा सेकंद. आठच्या सुमारास क्लिक केलं.

फोटोत हळद छान आली होती. आणि वर, सिंह राशीतल्या मघा नक्षत्राच्या ताऱ्याजवळून, एक पांढरी रेघ गेली होती.

विमान म्हणावं तर लाल-हिरवा दिवा नाही. रेघ मोठी करून पाहिली आणि माझा श्वासच अडकला. ती सरळ एकसारखी नव्हती. जाड, बारीक, जाड, बारीक. दोऱ्याला ठरावीक अंतरावर गाठी माराव्यात तशी. मोजल्या, पाच गाठी. पंधरा सेकंदांत पाच, म्हणजे दर तीन सेकंदांनी ती वस्तू उजळत होती आणि मंदावत होती.

मामाला दाखवलं तर तो म्हणाला, "हे होय? हे तर रोज दिसतेत मला. काही सरळ जातेत, काही लुकलुक करत जातेत. लुकलुकवाला फिरत असंल गरगर." चाळीस वर्षं राखण करणाऱ्या माणसाची नजर आहे ती! दिशा, वेळ आणि ठिकाण टाकून फोनमधल्या एका ॲपवर शोधलं, तर खरोखरच ते एका रॉकेटचा वरचा टप्पा निघालं. उपग्रह सोडून दिल्यावर रिकामं झालेलं नळकांडं, कित्येक वर्षं अंतराळात कोलांट्या घेत हिंडणारं. आडवं झालं की त्याच्या लांब अंगावर जास्त ऊन पडलेलं दिसतं, तोंड आपल्याकडे झालं की कमी. एका पूर्ण कोलांटीत ते साधारण दोनदा आडवं दिसणार, म्हणजे एका फेरीला सुमारे सहा सेकंद. शेकडो किलोमीटर वरचं लोखंड किती वेळात एक गिरकी घेतं हे मला हळदीच्या पट्ट्याशेजारी बसून कळलं होतं. अंगावर काटा आला माझ्या, खरंच आला.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. उजळतं म्हणजे किती? त्याचा आकडा काय?

आता फोटोग्राफरचं अर्धं काम उजेड मोजणंच आहे. नवरीच्या चेहऱ्यावर किती, मागच्या फुलांवर किती, हे आम्ही दिवसभर करतो. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, शून्यापासून सोळा हजारांच्या वर. जितका उजेड तितका मोठा आकडा. म्हणजे ताऱ्याच्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज केली की ताऱ्याचा उजेड, रेघेच्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज केली की उपग्रहाचा उजेड. पण तारा एका जागी थांबलेला आणि उपग्रह पळणारा, त्यांची बरोबरी कशी करायची? तिथे मी अडले, आणि उत्तर समोर ताडपत्रीवर पडलेलं होतं. एक क्विंटल हळद ढीग करून ठेवली काय आणि अंगणभर पसरली काय, काट्यावर वजन तेवढंच भरणार! ताऱ्याचा उजेड ढिगासारखा, उपग्रहाचा पसरलेला. दोन्ही एकाच फोटोत, एकाच वेळेपुरते, तर सगळा गोळा करून तोलायचा. अट एवढीच की रेघेची दोन्ही टोकं चौकटीत हवीत, नाहीतर थोडी हळद काट्याबाहेर सांडली.

अजून एक गोष्ट होती. रेघेच्या ठिपक्यांमध्ये आभाळाचा स्वतःचा उजेडही मिसळलेला असतो. आभाळ पूर्ण काळं कधीच नसतं. मग रेघेच्या शेजारचं मोकळं आभाळ तेवढ्याच ठिपक्यांइतकं मोजायचं आणि वजा करायचं. वसमतच्या मोंढ्यात हमालाच्या पोरालाही हे कळतं: पोत्यासकट वजन करा, बारदान वजा करा, उरलं ते निव्वळ. आभाळ हे बारदान. मला तर वाटतं, ही एक गोष्ट नीट समजली की अर्धं खगोलशास्त्र आपल्याच घरचं होतं.

पहिल्या रात्री मात्र जमलं नाही. मघाच्या मधल्या ठिपक्यांचे आकडे वरच्या टोकाला जाऊन थांबले होते. काटा शेवटच्या खुणेला टेकला की वर अजून किती आहे हे कसं सांगणार? पांढऱ्या शालूवर ऊन पडलं की जरीचं काम उडून जातं, तसा तारा उडाला होता. दुसऱ्या रात्री वेळ दोन सेकंदांवर आणली आणि फोकस मुद्दाम किंचित हलवला. आम्ही आयुष्यभर फोकस नेमका बसवायला शिकतो, आणि इथे तो थोडा हलवला की ताऱ्याचा उजेड जास्त ठिपक्यांवर पसरतो, एकही ठिपका उतू जात नाही आणि मोजमाप खरं येतं. तारे आणि उपग्रह चौकटीच्या मध्याजवळ घेतले, कारण लेन्स कोपऱ्यांत अंधार करते हे ग्रुप फोटोच्या कडेला उभं राहणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांपैकी फक्त हिरवे घेतले, कारण आपल्या डोळ्याला जो उजेड सगळ्यात जास्त जाणवतो त्याच्या जवळचे तेच.

आणि मोजण्याचं माप? त्याची गोष्ट ऐकाच, कारण ती मला दुसऱ्याच दिवशी कळली आणि मी दिवसभर नाचत होते.

ताऱ्यांच्या तेजाला मराठीत 'प्रत' म्हणतात. पहिल्या प्रतीचा तारा, दुसऱ्या प्रतीचा तारा, साध्या डोळ्याला जेमतेम दिसणारा सहाव्या प्रतीचा. इंग्रजी पुस्तकं वाचणारी पोरं गोंधळतात म्हणे, की आकडा लहान तर तेज मोठं कसं. वसमतच्या माणसाला हे समजावून सांगावंच लागत नाही. पहिल्या प्रतीची हळद म्हणजे भारी, तिसऱ्या प्रतीची म्हणजे हलकी! सहा प्रती लावण्याची रीत दोन हजार वर्षं जुनी, ग्रीकांची. तिला हिशेबात बसवलं नॉर्मन पॉगसन या इंग्रज माणसानं, १८५६ मध्ये. त्यानं ठरवलं की पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या बरोबर शंभर पट तेजस्वी धरायचा, म्हणजे एका प्रतीचा फरक सुमारे अडीच पटीचा, अजून नेमकं सांगायचं तर २.५१२. आणि हा पॉगसन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याच वेधशाळेत त्याचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला, ज्याचं तेज कमी-जास्त होतं असा. म्हणजे आज जगात कुठेही, कुठल्याही उपग्रहाची प्रत काढायची असेल तर जे माप वापरतात ते ठरवणारा माणूस तीस वर्षं आपल्या देशात दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. हे मला शाळेत का नाही कुणी सांगितलं?

तर मोजमाप. आधी ज्याचं उत्तर माहीत आहे तेच मोजायचं ठरवलं, काटा खरा आहे की नाही बघायला. मघाची प्रत १.४. त्याच सिंहाच्या शेपटीचा तारा उत्तरा, त्याची प्रत २.१. मघा धरून उत्तरा मोजला आणि माझा आकडा आला २.२. अवघ्या एका दशांशाचा फरक! तोही का पडला ते लगेच सुचलं: उत्तरा क्षितिजाकडे जरा खाली होता, तिथून येणाऱ्या उजेडाला जास्त हवा आणि जास्त धूळ ओलांडावी लागते. मग सव्वाआठचा उपग्रह घेतला. ही रेघ गाठी नसलेली, एकसारखी. बेरीज केली, बारदान वजा केलं, मघाच्या निव्वळ उजेडाशी तोललं. बरोबर एक चतुर्थांश. चौपट फरक म्हणजे दीड प्रत. एक पूर्णांक चार आणि दीड, दोन पूर्णांक नऊ. मघा ७९ प्रकाशवर्षं लांब आहे. माझा आजोबा तरुण असताना तिथून निघालेला उजेड मी माप म्हणून वापरला आणि त्यानं सेकंदाच्या एका अंशापूर्वी निघालेला उजेड तोलला. म्हणून मामाला उठवलं. नुसतं बसवत नव्हतं मला.

या एका आकड्यात काय काय दडलेलं असतं ते कळायला लागलं की वेड लागायची पाळी येते. पहिलं म्हणजे अंतर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरच्या थोडं वर फिरतं, दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं. डोक्यावर असताना ते शुक्राची आठवण व्हावी इतकं झगझगतं, आणि क्षितिजाजवळ तेच स्थानक साधं वाटतं. अंतर चौपट झालं की उजेड सोळावा भाग उरतो, म्हणजे तीन प्रती उतरल्या. म्हणून मोजणारे लोक हिशेब करून प्रत्येक उपग्रहाची प्रत 'हजार किलोमीटरवर असता तर' अशी लिहितात, म्हणजे कुणाचीही कुणाशीही तुलना होते. दुसरं, ऊन कुठल्या बाजूनं पडतंय. चंद्राला जशी कोर असते तशी उपग्रहालाही असते, फक्त ती आपल्याला वेगळी दिसत नाही, तेजाच्या आकड्यातून कळते. आणि तिसरं, सावली. संध्याकाळी आपल्याकडे अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, म्हणून तर तो चमकतो. मग चालता चालता पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि विझतो. एका रात्री मी हे ओळीनं टिपलं. एकापाठोपाठ एक फोटो, रेघ मंद, अजून मंद, शेवटी तांबूस झाली आणि गेली. त्या उपग्रहावरचा तो सूर्यास्त होता! मी पाहिलेला सगळ्यात सुंदर सूर्यास्त, काही सेकंदांचा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, जिवंत आणि मेलेला यांतला फरक. चालू उपग्रह स्वतःला सांभाळून असतो, तोंड जिकडे ठेवायचं तिकडेच ठेवतो, त्याचं तेज हळूहळू आणि शिस्तीत बदलतं. बंद पडलेला कोलांट्या खातो आणि रेघेला गाठी पडतात. लांबून, हात न लावता, नाडी बघावी तसं हे आहे.

हे कशासाठी करायचं, असं स्टुडिओतल्या पोरानं विचारलं. मी त्याला २०२२ च्या गुढीपाडव्याची आठवण करून दिली. २ एप्रिल, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळते तुकडे रांगेनं सरकत गेले, ते विदर्भानं आणि खानदेशानं पाहिले. मामानं शेतातून उत्तरेला पाहिले आणि हात जोडले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्यातलं धातूचं कडं येऊन पडलं, सुमारे तीन मीटर रुंद, आणि आसपास धातूचे गोळेही सापडले. तो चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा होता, २०२१ च्या फेब्रुवारीत उडवलेला, अशी ओळख अभ्यासकांनी पटवली. वर्षभराहून जास्त काळ तो आपल्या डोक्यावर फिरत होता. माझ्या पहिल्या फोटोतली गाठींची रेघ याच जातीची. वर काय आहे, कसं फिरतंय, हे कुणीतरी मोजत राहायलाच हवं. लाडबोरीत कुणाला लागलं नाही हे नशीब.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती.

मी जे मोजते ते वसमतच्या हवेतून. धूळ, ऊस जाळल्याचा धूर, ताऱ्यांची लुकलुक, आणि जूनपासून चार महिने तर आभाळच नाही. शिवाय माझ्या कॅमेऱ्याला जवळचेच उपग्रह दिसतात. आपल्या छतावरची टीव्हीची छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते तो ३६ हजार किलोमीटरवर. त्याचं तेज साध्या डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्यात अंधूक ताऱ्याच्याही साधारण शंभराव्या भागाइतकं. मग मी विचार करत होते, कॅमेराच वर नेला तर? ढग नाहीत, हवा नाही, ताऱ्यांची लुकलुक नाही, चोवीस तास काळंभोर आभाळ. उपग्रहानं उपग्रहाचा फोटो काढायचा!

शोधलं तर लोकांनी ते कधीच केलेलं आहे. अमेरिकेनं १९९६ मध्ये एमएसएक्स नावाच्या उपग्रहावर असा कॅमेरा पाठवला होता. मग कॅनडानं दोन पाठवले. 'सफायर', त्यांच्या लष्कराचा, ६ हजार ते ४० हजार किलोमीटर उंचीवरच्या वस्तूंवर नजर ठेवायला. आपल्या छत्रीचे उपग्रह नेमके याच पट्ट्यात येतात. आणि 'निऑसॅट', मोठ्या सुटकेसएवढा, पंधरा सेंटीमीटरच्या दुर्बिणीचा, लघुग्रह आणि उपग्रह दोन्ही बघणारा. ऑस्ट्रियानं आपल्या देशाचे पहिलेवहिले उपग्रह पाठवले ते 'ब्राइट' मालिकेचे, वीस सेंटीमीटरचा एकेक ठोकळा, काम एकच: तेजस्वी ताऱ्यांचं तेज कसं बदलतं ते मोजत राहायचं.

कॅनडाचे आणि ऑस्ट्रियाचे हे सगळे कुठून उडाले? श्रीहरिकोट्याहून! आपल्या पीएसएलव्हीवरून! एकाच रॉकेटमधून, एकाच संध्याकाळी! २५ फेब्रुवारी २०१३, पीएसएलव्ही-सी२०. भारत-फ्रान्सचा समुद्राची उंची मोजणारा 'सरल' हा मुख्य प्रवासी, आणि त्याच्यासोबत सफायर, निऑसॅट आणि दोन्ही ब्राइट. सात उपग्रहांपैकी चार उजेड मोजणारे. तेव्हा राष्ट्रपती प्रणव मुखर्जी श्रीहरिकोट्याला हजर होते. मी बहुधा कुठल्यातरी लग्नात वरमाला टिपत होते. कुणालाही विचारा, एकाच खेपेत आभाळात चार फोटोग्राफर पाठवणारं रॉकेट कुणाचं, तर उत्तर आंध्रच्या किनाऱ्यावर आहे. मी हे वाचलं तेव्हा स्टुडिओत एकटी होते आणि मोठ्यानं ओरडले.

आणि त्यांची पद्धत बघा. निऑसॅट दोन तऱ्हांनी फोटो काढू शकतो. एकात तारे स्थिर ठेवायचे, मग पळणाऱ्या उपग्रहाची रेघ उमटते, माझ्या फोटोसारखी. दुसऱ्यात उपग्रहाच्या वेगानं कॅमेराच वळवत न्यायचा, मग उपग्रह एका ठिपक्यात गोळा होतो आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. पळत्या नवरदेवाच्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवला की घोडा स्पष्ट आणि वऱ्हाड पुसट येतं, तेच! अंधूक वस्तूसाठी दुसरी तऱ्हा बरी, कारण तिचा मुळातच थोडा असलेला उजेड पसरून जात नाही, ढिगातच राहतो. मग शेजारचं आभाळ वजा करायचं आणि ओळखीच्या ताऱ्याशी तोलायचं. बारदान तिथेही आहेच.

वर गेलं म्हणजे सगळं सोपं झालं असंही नाही. हबल दुर्बीण पाचशे किलोमीटरच्या आसपास फिरते, आणि तिच्याही वरून उपग्रह जातात. २००२ ते २०२१ या काळातले हबलचे फोटो तपासले तर २.७ टक्के फोटोंवर उपग्रहांच्या रेघा सापडल्या, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या रेघा शोधण्यात हजारो सामान्य लोकांनी घरबसल्या फोटो बघून मदत केली होती. २४ मे २०१९ ला स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह गेले, तेव्हापासून ही गर्दी वाढतच चालली आहे. खगोलशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की अशा उपग्रहांचं तेज सातव्या प्रतीपेक्षा जास्त नसावं, म्हणजे ते साध्या डोळ्याला दिसू नयेत आणि मोठ्या दुर्बिणींचं नुकसान कमी व्हावं. हे पाळलं जातंय की नाही हे कसं कळणार? मोजूनच. २०२२ मध्ये ब्लूवॉकर ३ नावाच्या उपग्रहानं ६४ चौरस मीटरचा अँटेना उलगडला आणि त्याचं तेज ०.४ प्रतीपर्यंत चढलं. आभाळातल्या मोजक्या तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत. तो आकडा वेगवेगळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांनी आणि हौशी लोकांनी मिळून काढला आणि 'नेचर' साप्ताहिकात छापून आला. हौशी लोकांनी! माझ्यासारख्यांनी!

आपल्याकडेही काम चालू आहे. इस्रोचं बंगळुरूचं केंद्र अंतराळातल्या कचऱ्यावर नजर ठेवतं, आणि बंगळुरूच्याच दिगंतरा कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये 'स्कॉट' हा उपग्रह पाठवला, तोही अंतराळातून अंतराळातल्या वस्तू टिपणारा कॅमेराच.

आणि आमचा हिंगोली जिल्हा? आमच्या औंढा नागनाथला लायगो-इंडिया होते आहे, केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी टिपायला. लायगो आवाज ऐकतं असं समजा. १७ ऑगस्ट २०१७ ला आधीपासून चालू असलेल्या लायगो यंत्रांना दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याचा तसा आवाज आला, आणि मग जगभरच्या दुर्बिणी त्या जागेचा उजेड शोधायला धावल्या. अकराएक तासांत तो सापडला आणि पुढे कित्येक दिवस सगळे तो मंदावताना मोजत राहिले. आवाज ऐकणारं यंत्र माझ्या गावापासून तासाभराच्या अंतरावर उभं राहतंय. त्याच जिल्ह्यातल्या पोरांना उजेड मोजता येऊ नये, हे मला पटत नाही.

म्हणून सांगते, आणि कळकळीनं सांगते. शाळेत एक जुना डीएसएलआर असेलच, नसेल तर गावातल्या फोटोग्राफरकडे असतो, फोनच्या प्रो मोडमध्येही सुरुवात होते. अमावस्येच्या आगेमागे, दिवस मावळल्यावर तासाभरानं शेतात जा. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा हळदीच्या पोत्यावर टेकवा. रॉ फाइल, दोन सेकंद, फोकस जरासा सैल, चौकटीत एक ओळखीचा तारा. शेताच्या कडेला लावलेला पांढरा दिवा तेवढा वेळ मालवा. वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख, सेकंदासकट वेळ, गाव, कुठल्या ताऱ्याशी तोललं, आकडा काय आला. पहिला आकडा चुकेल. माझाही चुकला होता.

ज्यांना अडेल त्यांनी वसमतला स्टुडिओत या, लग्नसराई असली तरी या. मृग लागला की आभाळ चार महिने बंद; त्याच्या आत एक तरी उपग्रह मोजा.